हात टेकताना

मनगटांना आधी कळलं, मला नंतर.
बिल्थच्या पुढे, ऐंशीव्या मैलाला
करंगळी झोपली,
मग तिच्या शेजारची,
आणि पेट्रोल भरताना पंपाचा खटका
दोन्ही हातांनी दाबावा लागला.
मागचा ट्रकवाला म्हणाला, गारठा आहे ना?
मी म्हटलं, हो.
जून होता.

एकतीस वर्षं लोकांच्या जबड्यांवर वाकून काढली.
कवळी बसवली की मी विचारायचेच,
कुठे टोचतंय? चावून बघा. परत चावा.
आणि स्वतः मात्र
कारखान्यात कुण्या सहा फुटी माणसासाठी वाकवलेल्या
नळीवर ओणवी होऊन
अर्धं वेल्स पालथं घातलं.

मग हँडल बदलायचं ठरवलं.
फोटो बघून मागवलं.
पहिलं इतकं उंच
की हात वर करून शरण आल्यासारखी दिसायचे,
वारा थेट बगलेत.
दुसरं रुंद, बैलाच्या शिंगांसारखं,
शेडच्या दारातूनच जाईना.
तिसरं सुरेख होतं. काळं, झळाळतं.
सुरेख होतं, एवढंच.
तिन्ही खोकी परत पाठवताना
पोस्टातली मेगन काही बोलली नाही,
चिकटपट्टी तेवढी तिने स्वतःहून पुढे केली.

लँड्रिंडॉडला, बंद पडलेल्या छापखान्यामागे
ग्विलिम प्रॉबर्टचं गॅरेज.
मी यादी काढली : उंची, रुंदी, मिलिमीटर.
त्याने ती वाचली, घडी घालून
डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवली.
म्हणाला, बसा गाडीवर. डोळे मिटा.
खांदे सोडा. अजून सोडा.
आता हात पुढे करा, कुठे पोचायचंय असं नाही,
नुसते करा.

हात दाखवून अवलक्षण, मनात आलं.
तरी केले.
तळव्यांखाली काहीतरी आलं, लाकडी.
डोळे उघडले तर झाडूचा दांडा,
ग्विलिम एका टोकाला, त्याचा भाचा दुसऱ्या टोकाला,
पालखी धरल्यासारखे गंभीर.
इथे, तो म्हणाला, आणि खडूने रेघ मारली.
जुन्या हँडलपासून चार बोटं वर
आणि जवळजवळ वीतभर मागे.

वीतभर!
एवढं अंतर मी रोज वाकून भरून काढत होते.
आमच्याकडे हात आखडता घेणाऱ्याला
कुणी चांगलं म्हणत नाही.
आई तर पोळीवरच्या तुपावरूनसुद्धा ओळखायची.

नवीन नळी साधी निघाली, चंदेरी, जरा बोजड.
ब्रेकचा पाइप तोकडा पडला, तो लांब मागवला.
आठ दिवस गेले.
मग इंजिन चालू ठेवून त्याने हँडल
या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं
आणि कान लावून बसला.
डावीकडे वळवताना आवाज चढला.
नुसतं वळवलं म्हणून गाडी चिडत असेल
तर वायर कुठेतरी ताणली जातेय, म्हणाला,
आणि सगळं पुन्हा खोललं.
मी बाकावर चहा घेऊन बसले.
माझ्या खुर्चीत बसलेले सगळे
आऽ वासून, छताकडे बघत
असेच थांबले असतील का माझ्यासाठी?

काल रायाडर सोडून डोंगरावर चढले.
धरणाची भिंत, शेवाळ, मग काहीच नाही,
मग रस्त्यात बसलेली एक मेंढी,
उठायची घाई नसलेली.
इंजिन बंद केलं.
हात हँडलवर टेकलेले होते.
हात टेकणं म्हणजे हरणं,
असंच शिकले होते मी.
बोटं मोजली. दहाही जागी होती.
नाही, खोटं कशाला,
करंगळीला थोड्या मुंग्या होत्याच,
पण एकशे दहाव्या मैलाला.

जुनं हँडल टाकलं नाही.
परसात उलटं रोवलंय,
घेवड्याचा वेल चढतोय त्यावर.
त्याला बरं जमतंय.